‘टेस्टच्या आधी भरपूर पाणी प्या’ आणि इतर चुकीचे सल्ले

हुपरीत कॅडमियम या विषारी धातूच्या सोल्डरने चांदीचे जोड लावणारा असो की शिरोली एमआयडीसीतला कामगार, लघवीतलं कॅडमियम मोजणाऱ्या तपासणीआधी त्याला हमखास मिळणारा सल्ला असा: ‘दोन लिटर पाणी पिऊन जा, रिपोर्ट क्लीन येतो. क्रिएटिनिननं भागलेला आकडा लॅबनं फुगवलेला असतो, लिटरमागचाच खरा. आणि भागलेला आकडा कुणाचाही कुणाशी ताडता येतो.’ (क्रिएटिनिन हा लघवीतून बाहेर पडणारा टाकाऊ पदार्थ; लघवी पातळ की घट्ट ते त्यावरून कळतं, म्हणून लॅब कॅडमियमचा आकडा त्यानं भागते.)

पाण्यानं कॅडमियम जात नाही, ते मूत्रपिंडात वर्षानुवर्षं मुरलेलं असतं. फक्त लघवी पातळ होते. शिवाय क्रिएटिनिन लिटरला 0.3 ग्रॅमच्या खाली गेलं, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार नमुनाच बाद; पुन्हा द्यावा लागतो. 3 ग्रॅमच्या वर गेलं तरी तेच. उन्हाळ्यात भट्टीपुढं घाम गाळून दिलेला नमुना या टोकाला जाऊ शकतो.

आता ‘फुगवलेला’ आकडा. सकाळी कॅडमियम लिटरला 4 मायक्रोग्रॅम, क्रिएटिनिन 2 ग्रॅम. दुपारी पाणी पिऊन कॅडमियम 1, क्रिएटिनिन 0.5. भागून दोन्ही वेळा उत्तर ग्रॅममागं 2 मायक्रोग्रॅम. लिटरमागचा आकडा मात्र चौपट बदलला. मग त्यातला खरा कुठला? चूक होते ती एककात. लॅब क्रिएटिनिन बहुधा डेसिलिटरला मिलिग्रॅममध्ये छापते: 50 म्हणजे लिटरला 0.5 ग्रॅम. आधी 100 नं भागा, मग पुढचं गणित.

तिसऱ्या मुद्द्यात, म्हणजे कुणाचाही आकडा कुणाशी ताडण्यात, मात्र हा सल्ला सगळ्यात जास्त फसतो. क्रिएटिनिन स्नायूंतून येतं. तालमीतल्या पैलवानाचं जास्त, सत्तरीच्या किडकिडीत आजींचं कमी. दोघांच्या शरीरातून कॅडमियम तेवढंच बाहेर पडत असलं तरी भागल्यावर आजींचा आकडा मोठा दिसतो. आदल्या रात्री तांबड्या रश्श्यासोबत भरपूर मटण झालं असेल, तर क्रिएटिनिन आणखी चढतं. अशा तुलनेला विशिष्ट गुरुत्व, म्हणजे लघवी पाण्याच्या किती पट जड ते, बरं: 1.010 चा नमुना 1.020 वर आणायचा तर आकडा 0.020 भागिले 0.010, म्हणजे दुप्पट करायचा. ते रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे प्रकाश किती वळतो ते पाहणाऱ्या उपकरणावर मोजा. लघवीत बुडवायच्या पट्टीच्या रंगावरून 0.005 च्या टप्प्यानंच कळतं, ते ढोबळ. लघवीत साखर किंवा प्रथिनं असतील तर गुरुत्वही खोटं चढतं, तेव्हा मधुमेह असल्यास आधी सांगा.

आणि भागाकार सरसकट लावू नये. मिथेनॉल (एक विषारी अल्कोहोल) पाण्याबरोबर आपोआप लघवीत उतरतं, त्याची मर्यादा लिटरमागंच धरतात.

नमुना देण्यापूर्वी कामाचे कपडे बदला, हात साबणानं धुवा, बाटली धातूमुक्त मागून घ्या. बोटावरची धूळ बाटलीत पडली, तर ती क्रिएटिनिननं भागून निघत नाही.