सहा मिनिटांत दम कुठे लागतो?

तरुणांचा दमसास मोजण्यावरच्या एका लेखात सहा मिनिटांची चालण्याची चाचणी (तेवढ्या वेळात किती अंतर चाललं ते मोजायचं) सुचवली आहे, पण ती रुळली हृदय-फुप्फुसाच्या रुग्णांसाठी. ३० मीटरच्या पट्ट्यावर विशीतला धडधाकट मुलगा कितीही झपझप चालला तरी त्याला धाप लागत नाही. मग बरा आणि उत्तम, दोघे एकाच रांगेत! त्यापेक्षा ‘रॉकपोर्ट’ नावाची, १ मैल (१.६ किमी) झपझप चालण्याची चाचणी बरी. वेळ, शेवटची नाडी, वय, वजन, लिंग यांवरून व्हीओटू मॅक्सचा, म्हणजे शरीर श्रमात जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं याचा, अंदाज निघतो. मात्र ते सूत्र ३० ते ६९ वयोगटावर बेतलेलं, त्यामुळे कॉलेजच्या मुलांचा आकडा फुगतो. आणि नाडी थांबल्याथांबल्या मोजायची, पाणीबिणी पिऊन आल्यावर नाही. खेळणाऱ्या मुलांना तर सरळ २० मीटर शटल रनच (बीपच्या तालावर, वाढत्या वेगाने २० मीटर ये-जा धावणं) द्या.