डायरीतल्या अकरा नोंदी

नमस्कार,

‘कामगाराच्या गैरवर्तनाची प्रत्येक घटना तारखेसह लिहून ठेवा’ हा सुपरवायझरांना दिलेला माझा सल्ला तुम्हांला झोंबला. “म्हणजे नोकरीवरून काढायचं आधी ठरवायचं आणि मग कागद जमवत बसायचं. सुपरवायझरांना हे शिकवावं लागत नाही,” असं तुम्ही लिहिलंत. उत्तर द्यायला दोनदा बसलो आणि उठलो, कारण सुपरवायझर असताना हा उद्योग मी स्वतः केलेला आहे.

माझ्या पाळीत एकजण यंत्राच्या तापमानाचा तक्ता भरायचा. दर तासाला आकडा बघून लिहायचा, असा नियम. एकदा सकाळी अकराला मी तक्ता पाहिला, तर दुपारी चारपर्यंतचे आकडे भरलेले! मी काही बोललो नाही. डायरीत लिहून ठेवलं. चार महिन्यांत अशा अकरा नोंदी झाल्या आणि मी त्या एकदम वर पाठवल्या. आपण फार पद्धतशीर वागलो असंच मला तेव्हा वाटत होतं.

चौकशीत त्याने मला एकच विचारलं, “पहिल्याच दिवशी का नाही बोललात?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुढे असंही निघालं की बाकीच्या पाळ्यांतही तक्ते असेच भरले जात होते. ‘रकाना रिकामा दिसता कामा नये’ एवढंच सगळ्यांना सांगितलेलं. त्याला लेखी ताकीद मिळाली. मला कोणी काही म्हणालं नाही, आणि खरं तर तेच चुकलं.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेची १९८२ सालची १६६ क्रमांकाची शिफारस मी त्यानंतर वाचली. जे गैरवर्तन पुन्हा पुन्हा घडलं तरच नोकरी जाऊ शकते, त्यासाठी आधी लेखी ताकीद दिलेली हवी, असं ती म्हणते. आणि गैरवर्तन कळूनही मालकाने वाजवी मुदतीत त्यावरून काढलं नाही, तर त्याने तो हक्क सोडला असं धरावं. १९६६ साली अमेरिकेतले लवाद कॅरोल डॉहर्टी यांनी एका निवाड्यात शिक्षा न्याय्य आहे का हे तपासायला सात प्रश्न मांडले. परिणामांची आगाऊ कल्पना दिली होती का, हा त्यातला पहिलाच. नियम सगळ्यांना सारखा लावला का, हाही आहे. मी दोन्हींत नापास.

तेव्हा सल्ला दुरुस्त करतो. नोंद ठेवा, पण ज्याच्याविषयी आहे त्याला ती त्याच आठवड्यात दाखवा आणि त्याचं म्हणणं तिच्याखालीच लिहून घ्या. न दाखवलेली नोंद म्हणजे लावून ठेवलेला सापळा.

‘नोंदी नकोतच’ हे तुमचं म्हणणं मात्र मला पटत नाही. कागद नसला की साहेबाची आठवण चालते, आणि तिला मर्जीतल्या माणसांचे उशीर दिसत नाहीत. (काम न जमणं हे गैरवर्तन नव्हे, तिथे शिकवावं लागतं, पण तो विषय वेगळा.)

‘सगळ्यांनाच तीन संधी द्या’ ही तुमची सूचनाही मान्य नाही. चोरी, मारहाण, यंत्राचं सुरक्षा कुलूप मुद्दाम निकामी करणं, यांत एकच घटना नोकरी जायला पुरे होऊ शकते. पण तिथेही आरोप लेखी द्यायचा, उत्तराला वेळ द्यायचा, आणि ज्याने तक्रार केली त्यानेच निकाल द्यायचा नाही. चौकशीपुरतं निलंबन ही शिक्षा नसते, निदान नसावी. ते महिनोन्‌महिने लांबवणारे लोक मी पाहिलेत. माणूस कंटाळून राजीनामा देतो आणि बडतर्फीचा ठपका कोणावरच येत नाही.

शेवटी तुम्ही विचारलंत, तुम्हांला मिळालेल्या मेमोवर सही करावी का. करा. सही न केल्याने मेमो रद्द होत नाही, उलट ‘स्वीकारण्यास नकार’ असा आणखी एक शेरा पडतो. सहीच्या वर स्वतःच्या हाताने लिहा: ‘प्रत मिळाली, मजकूर मान्य नाही’, आणि तारीख घाला. प्रत स्वतःकडे ठेवा. उत्तर मुदतीच्या आत लेखी द्या आणि त्याची पोच घ्या. रागाच्या भरात लिहिलेलं पहिलं उत्तर पाठवू नका, एक रात्र जाऊ द्या.