गोल्फचे नियम सोपे करू पाहणाऱ्यांस युक्तीच्या चार गोष्टी

गोल्फचे नियम फार किचकट आहेत, हे कोल्हापुरात छातीठोकपणे सांगायला गोल्फ खेळता यावं लागत नाही. पुढाकार घ्यायची हौस असली की भागतं. तेव्हा गावाबाहेरच्या मोकळ्या जमिनीवर चार होल खणून, झेंडे रोवून खेळणाऱ्या आपल्या मंडळींसाठी नियम सुटसुटीत आणि एकसारखे करून द्यायचं तुम्ही मनावर घेतलं असेल, तर पहिलं पथ्य पाळा. नियमांचं पुस्तक उघडू नका. उघडलंत की घात झाला. तुमच्या बहुतेक शंकांची उत्तरं त्यात निघतील आणि मग समिती नेमायला निमित्तच उरणार नाही.

बैठकीत फेकायला थोडा इतिहास मात्र लागतो. 1744 साली स्कॉटलंडातल्या लीथच्या मैदानावर खेळणाऱ्यांनी नियम लिहून काढले, ते अवघे 13. "तेरात भागत हुतं की त्यांचं!" असं म्हणून टेबलावर हात आपटा. त्या तेरांतही पाण्यात गेलेला बॉल बाहेर काढून मागं ठेवायचा तर प्रतिस्पर्ध्याला एक स्ट्रोक, म्हणजे एक फटका, द्यावा लागे, आणि कुत्र्याला किंवा घोड्याला लागून बॉल थांबला तर तो तिथूनच मारावा लागे, हे सांगत बसू नका. त्यानं मुद्दा पातळ होतो. मग कुणीतरी चष्मेवाला उठून म्हणेल की 2019 साली गोल्फचे नियम ठरवणाऱ्या आर अँड ए आणि अमेरिकेच्या यूएसजीए या संस्थांनी मिळून 34 नियमांचे 24 केलेत, बॉल शोधायची मुदत पाच मिनिटांवरून तीनवर आणलीय, ड्रॉप, म्हणजे बॉल हातातून खाली सोडणं, खांद्यावरून गुडघ्याच्या उंचीवर आणलाय, सोपं करायचं ते करून झालंय. त्याला चहा द्या आणि सांगा, "ते तिकडलं. हितली जमीन येगळी हाय." या वाक्याला कोल्हापुरात आजवर कुणी उत्तर दिलेलं नाही.

आता मूळ दुखण्याकडे या, म्हणजे रिलीफकडे, अडचणीतला बॉल उचलून दुसरीकडे ठेवायच्या मुभेकडे. पुस्तक म्हणतं, जनावराचं बीळ, साचलेलं पाणी, सिमेंटचा रस्ता असलं काही आड आलं तर अडथळा पुरता टळेल अशी सर्वांत जवळची जागा शोधा, तिथून एका क्लबच्या, म्हणजे खेळायच्या काठीच्या, लांबीत, होलच्या जवळ न सरकता, बॉल गुडघ्याच्या उंचीवरून सोडा. दंड नाही. जवळची जागा काट्याकुट्यात निघाली तर तुमचं नशीब. जवळची म्हणजे चांगली असं पुस्तकानं कुठंच कबूल केलेलं नाही, आणि आपल्या मंडळींचं नेमकं इथंच बिनसतं. आमचे अण्णा रस्त्याच्या कडेचा बॉल उचलतात, एकदा आभाळाकडे आणि एकदा झेंड्याकडे बघतात आणि गप्पा मारत मारत मखमली गवतापर्यंत चालत जातात.

"अण्णा, तीन क्लब झालं की हे."

"माझा क्लब लांब हाय."

"कितीबी लांब असला तरी 48 इंचाच्या वर चालत न्हाई, अण्णा. आणि तुम्ही झेंड्याकडं सरकलासा."

"मी न्हाई सरकलो, बॉल सरकला. उताराला मी काय करू?"

अण्णांच्या ह्या वहिवाटीला नियमाचं रूप दिलंत की सोपेपणाचं निम्मं काम फत्ते. 'खेळाडूने अडथळ्यापासून समाधान होईपर्यंत दूर जावे.' एका ओळीत बसतं, पोरालाही कळतं.

म्हशींवर मात्र स्वतंत्र बैठक लावा, घाईत उरकू नका. ज्या गावात कट्ट्यावर समोर धार काढून दुधाचा ग्लास हातात देतात, तिथं मैदानावर म्हैस येणारच, आणि ती आली की खेळाडूंनी बाजूला व्हायचं असतं हेही सर्वांना ठाऊक आहे. पुस्तकाची या बाबतीत पंचाईत अशी की त्यानं म्हशीचा विचार आधीच करून ठेवलाय. थांबलेला बॉल म्हशीनं लाथाडला तर तो दंडाशिवाय मूळ जागी ठेवायचा. उडालेला बॉल चालत्या म्हशीला लागून भलतीकडे गेला तर जिथे जाईल तिथून मारायचा. आणि बॉल म्हशीच्या पाठीवर जाऊन बसलाच, तर म्हशीवरून मारायचा नाही. तो पहिल्यांदा पाठीवर थांबला तेव्हा म्हैस जिथे होती, त्या जागेच्या खाली ड्रॉप घ्यायचा. म्हैस पुढं पाणंदीला लागली असेल तर तिच्यामागं जायचं कारण नाही. मला तर हा नियम ज्यानं लिहिला त्याच्या घरी गोठा असावा अशी दाट शंका आहे.

शेणाचं प्रकरण याहून नाजूक. जमिनीवरचं शेण म्हणजे पुस्तकाच्या हिशेबात सुटा नैसर्गिक अडथळा, पानापाचोळ्याच्या आणि दगडाच्या पंगतीतला. हातानं, पायानं, टॉवेलनं, कसंही बाजूला करा, दंड नाही. पण बाजूला करताना बॉल हलला तर एक स्ट्रोक. आणि तेच शेण बॉलला चिकटलं की ते सुटं राहत नाही. मग बॉल उचलायची मुभा देणारा दुसरा नियम हाती नसेल तर तो पुसायचाही नाही, तसाच हाणायचा. यावर आपल्या मंडळींनी तासभर खल केला. ताजं आणि वाळलेलं असे दोन वर्ग पाडावेत, ताज्याला रिलीफ द्यावा, वाळलेल्याला देऊ नये, आणि ताजेपणा बोट लावून ठरवावा, इथवर एकमत झालं. बोट कुणी लावायचं, यावर बैठक तहकूब झाली. तुम्ही हा ठराव जसाच्या तसा घ्या. यात सोपं काय झालं असं कुणी विचारलं तर म्हणा, पुस्तकात वाळलेल्या शेणाची व्याख्या कुठाय?

मग ऊस. आपल्या हद्दीला चारी बाजूंनी ऊस आहे आणि तो कुणाच्या तरी मालकीचा आहे. बॉल उसात गेला की हद्दीबाहेर: एक स्ट्रोक दंड आणि परत मागं जाऊन मूळ जागेवरून मारा. याचा कंटाळा येतो हे खरं आहे, आणि 2019 पासून पुस्तकानंच त्यावर एक ऐच्छिक स्थानिक नियम सुचवलाय. समितीनं तो लावला की दोन स्ट्रोकचा दंड घ्यायचा आणि बॉल जिथं गेला त्याच्या आसपास, होलच्या जवळ न जाता, मोकळ्या गवतावर ड्रॉप करायचा. माघारी चालणं वाचतं. मोठ्या स्पर्धांत तो लावत नाहीत, पण रोजच्या खेळाला उत्तम. तुम्ही तो स्वीकारा, फक्त त्यातले दोन स्ट्रोक काढून टाका. पुस्तकाचा आधारही राहतो आणि पुस्तकाचा त्रासही होत नाही.

हद्दीच्या पांढऱ्या खुंट्यांचं काय करायचं ते मात्र मलाही सुचलेलं नाही. नियमानं त्या अचल समजायच्या. फटक्याच्या आड आल्या तरी उपटायच्या नाहीत, त्यांच्यापासून फुकट रिलीफ नाही. आपल्या खुंट्या संध्याकाळी रोवल्या की सकाळी कुणाच्या तरी रेडकाच्या दाव्याला असतात. हद्द रोज हलते. परवा ती पंधरा फूट आत आली आणि आदल्या दिवशीचे तीन चांगले फटके हद्दीबाहेर गेले. त्यांचे मालक अजून भांडताहेत.

साप, वारूळ, निवडुंग ह्यांना एकाच ओळीत बसवून टाका. पुस्तक उगाच भेद करतं: विषारी सापापासून किंवा चवताळलेल्या मधमाश्यांपासून फुकट रिलीफ, निवडुंगाच्या काट्यांपासून नाही, आणि मुंग्यांचं वारूळ पुन्हा सुट्या अडथळ्यांत. म्हणजे नियमानं वारूळ खुशाल बाजूला सारता येतं. नागपंचमीला ज्याला दूध-लाह्या वाहिल्या, ते श्रावणात क्लबनं सारून दाखवणारा माणूस आपल्याकडे अजून जन्मायचा आहे. पावसाचं सोपं आहे. साचलेल्या पाण्यातून फुकट रिलीफ पुस्तकच देतं, दव मात्र साचलेल्या पाण्यात धरत नाही. आपण राजाराम बंधाऱ्याचं माप लावू: पंचगंगा 39 फुटांच्या इशारा पातळीला गेली की सगळं मैदान साचलेलं पाणी, आणि 43 फुटांची धोका पातळी ओलांडली की सगळे बॉल हरवलेले धरून खेळ घरी.

इथवर आल्यावर तो चष्मेवाला पुन्हा उठेल. पुस्तकात स्पष्ट आहे म्हणेल, स्थानिक नियम जागेच्या अडचणीसाठी असतात. एखादा नियम समितीला आवडत नाही म्हणून स्थानिक नियमाच्या आडून तो रद्द करता येत नाही. आणि मग तो हमखास रिचमंडचा दाखला काढेल. 1940 साली लंडनजवळच्या त्या गोल्फ क्लबवर जर्मन बॉम्ब पडत होते, तेव्हा तिथल्या मंडळींनी युद्धापुरते स्थानिक नियम केले. फटका मारतानाच बॉम्ब फुटून नेम चुकला तर त्याच जागेवरून दुसरा बॉल मारायची मुभा होती, आणि त्याला दंड एक स्ट्रोक. डोक्यावर विमानं, जमिनीत न फुटलेले बॉम्ब, तरी एक स्ट्रोक सोडला नाही त्या माणसांनी. खरं सांगायचं तर हे ऐकताना मला आपल्या अण्णांकडं बघवेना. पण तुम्ही विचलित होऊ नका. 'साहेबलोकांचं डोस्कं फिरलं हुतं' असा शेरा मारून इतिवृत्तात घ्या.

दंड हा प्रकारच आपल्या स्वभावात बसत नाही, हे एकदा मान्य केलं की पुढचं सरळ आहे. गोल्फमध्ये म्हणे पंच मागं फिरत नाही, स्वतःची चूक स्वतःच सांगायची. 1968 च्या मास्टर्स या मोठ्या स्पर्धेत रॉबर्टो दे विचेन्झो या खेळाडूच्या सोबत्यानं सतराव्या होलवर त्याचे तीनऐवजी चार स्ट्रोक लिहिले, विचेन्झोनं न बघता कार्डावर सही केली आणि तो जास्तीचा आकडाच कायम धरला. बरोबरीत येऊन प्लेऑफ खेळायचा, तो एका स्ट्रोकनं हरला. सगळ्या जगानं त्याला टीव्हीवर तीन मारताना बघितलं होतं! आपल्याकडे असं झालं असतं तर संध्याकाळपर्यंत बिंदू चौकात सभा झाली असती. म्हणून कार्डावर सही घेऊच नका. आकडा तोंडी सांगायचा, आणि तोही मिसळ आल्यावर. तिखट कट घशाखाली उतरत असताना माणूस साताचे पाच सांगतो आणि समोरचा ठसक्यात मान हलवतो. ती संमती धरावी.

राहिला एकसारखेपणा. एका पेठेत बॉल हातानं सरळ करून मारतात, दुसरीत पहिला फटका 'ट्राय' असतो, तिसरीत बॉल भिंतीपलीकडं गेला की ज्यानं मारला त्यानंच आणायचा, आणि आणेपर्यंत बाकीचे चहा पितात. हे सगळं आपण गल्लीतल्या क्रिकेटवर पोसलेलो असल्यामुळं होतं, त्यात लाजण्यासारखं काही नाही. तुम्ही फक्त सर्व पेठांचे नियम एकत्र शिवून घ्या. एकही गाळू नका, गाळलेल्याची पेठ बहिष्कार घालते. पुस्तकातल्या नियमांचे असे 61 होतील. मुखपृष्ठावर 'सुलभ' हा शब्द ठळक छापा, आत अध्यक्षांचा फेट्यातला फोटो द्या, आणि विजेत्याला कप न देता चांदीची गदा ठेवा, म्हणजे पुस्तिका कुणी वाचणार नाही.

शेवटची तरतूद हरकतीची ठेवा, कारण हरकती येणार. हरकत लेखी, तीन प्रतींत, खजिनदाराकडं, आणि बॉल शोधायला जेवढी मुदत तेवढीच तिला: तीन मिनिटं. खजिनदार कोण हे जाहीर करायची घाई करू नका.