शाल, श्रीफळ आणि साडेतीनशे मिलिलिटर

सेवा करायला क्लब कशाला लागतो, असा प्रश्न ज्याला पडतो तो सभासद होत नाही. ज्याला पडत नाही, त्याला मे-जूनमध्ये हमखास फोन येतो. ‘साहेब, तुमच्यासारखी माणसं पाहिजेत आपल्याला.’ मे-जूनच का, तर लायन्स काय नि रोटरी काय, दोघांचंही वर्ष १ जुलैला उघडतं आणि ३० जूनला मिटतं. प्रांतपालांसमोर, म्हणजे आसपासच्या सगळ्या क्लबांच्या वरिष्ठांसमोर, कबूल केलेली सभासदवाढ मावळत्या अध्यक्षांनी अजून दाखवलेली नसते. त्याच सुमाराला यादीतून काही नावं गुपचूप गळतातही, कारण आंतरराष्ट्रीय वर्गणीचं बिल सहामाही असतं आणि यादीवर जितकी डोकी तितकं येतं. तेही डॉलरमध्ये. रुपया घसरल्याची बातमी तालुक्याच्या गावात मन लावून वाचणारा माणूस एकच, क्लबचा खजिनदार.

आपण होऊन फॉर्म मागायची इथे पद्धत नाही. जुना सभासद नाव सुचवतो, संचालक मंडळ मान्य करतं, मग निमंत्रण येतं. नाव सुचवणाऱ्याला स्पॉन्सर म्हणतात, पण पैसे आपणच भरायचे असतात. हो म्हणण्याआधी चार आकडे कागदावर मागून घ्यावेत: प्रवेश शुल्क, वार्षिक वर्गणी, जेवणांचा वेगळा खर्च आणि पदग्रहण सोहळ्यातला वाटा. पहिले दोन लगेच सांगतात. उरलेल्या दोहोंसाठी ‘अहो, होईल की ते’ असं उत्तर मिळतं. ते होतंच. सेवेसाठी लोकांकडून गोळा केलेला पैसा क्लबच्या जेवणावर खर्चता येत नाही, त्याचं खातं वेगळं ठेवावं लागतं. नियम उत्तम आहे. त्यामुळेच पनीरचे पैसे आपल्या खिशातून जातात.

क्लबात भेटणारी माणसं मात्र परंपरेला धरून असतात. १९०५ च्या फेब्रुवारीत शिकागोत पॉल हॅरिस या वकिलाने रोटरीची पहिली बैठक भरवली, तेव्हा समोर एक कोळशाचा व्यापारी, एक खाण अभियंता आणि एक शिंपी होता. पाळीपाळीने एकमेकांच्या कचेरीत जमायचे, म्हणून नाव रोटरी. बारा वर्षांनी त्याच शहरात लायन्स उभं करणारे मेल्विन जोन्स विमा व्यवसायातले. आपल्याकडच्या प्रत्येक क्लबात एक तरी विमा एजंट सापडतो, तो संस्थापकांचा वारसा चालवत असतो असं समजून पॉलिसीला नम्र नकार द्यावा.

लायन्सची पिन मिळाली की नावाआधी ‘ला.’, म्हणजे लायन, लागतं. बिल्ल्यावरचे दोन सिंह विरुद्ध दिशांना तोंड करून असतात. एक भूतकाळाकडे बघतो, दुसरा भविष्याकडे. संचालक मंडळाची सभा पाहिली की चित्रकाराने ते समोर बसून काढलं असावं असं वाटतं. आंतरराष्ट्रीय फाउंडेशनला तुमच्या नावे हजार डॉलर गेले की तुम्ही मेल्विन जोन्स फेलो होता आणि निमंत्रणपत्रिकेत नावाला ‘एमजेएफ’ चिकटतं. पत्रिका छापखान्यात जाण्याआधी ही अक्षरं तीनदा तपासावीत. व्यासपीठावर खुर्ची मिळाली नाही तर माणूस समजून घेतो, पण नावामागची अक्षरं गळली तर पुढची दोन वर्षं देणगी देत नाही.

खरी कसोटी पदग्रहणाची. नव्या सभासदाकडे हमखास व्यासपीठ व्यवस्था येते, कारण ती कोणालाच नको असते. हिशेब करून ठेवावा. मंचावर नऊ मान्यवर आणि बोलणारे सहा. प्रत्येक वक्ता प्रांतपालांपासून सुरुवात करून नऊही नावं पदांसह घेणार. एका नावाला पाच सेकंद धरली तरी साडेचार मिनिटं नुसत्या नामोच्चारात जातात, आणि एखादा माजी अध्यक्ष चुकून राहिला तर सूत्रसंचालकाची चिठ्ठी येऊन यादी पुन्हा पहिल्यापासून. सत्काराला माणशी दीड मिनिट धरा: नाव पुकारणं, शाल उलगडणं, फोटोग्राफरचं ‘सर, इकडे बघा’. शाली मोजून आणू नयेत, दोन जास्त ठेवाव्यात. न कळवता येणारे माजी पदाधिकारी नेहमी जोडीने येतात. शालीचं प्लॅस्टिक आधी काढून ठेवावं, नाहीतर ध्वनिक्षेपकासमोर त्याचा कर्र आवाज घोषणेइतकाच दूर जातो. नारळ तासलेला, बुडाला सपाट बघून घ्यावा. गोल नारळ उतरत्या टेबलावरून पहिल्या रांगेत जातो.

लायन्सच्या सभेत दोन पदं अशी आहेत की पत्रिकेत वाचून सर्कस आल्याचा भास व्हावा. लायन टेमर म्हणजे क्लबच्या मालमत्तेचा राखणदार: झेंडे, घंटा, हातोडा, बॅनर. हातोडा ऐनवेळी सापडत नाही. अध्यक्ष मग चमच्याने स्टीलचा पेला वाजवतात आणि सभा विधिवत सुरू होते. टेल ट्विस्टर दंड करतो. पिन लावली नाही, दंड. वाढदिवस लपवला, दंड. त्याच्या निर्णयावर अपील नाही. मात्र रकमेची मर्यादा संचालक मंडळ ठरवतं, एका सभेत एका सभासदाला दोनदाच दंड करता येतो, आणि खुद्द टेल ट्विस्टरला दंड करायचा तर हजर असलेल्या सगळ्यांचं एकमत लागतं. एकमत होत नाही. एवढं विचारपूर्वक रचलेलं संरक्षण मी दुसऱ्या कुठल्या घटनेत पाहिलेलं नाही.

आता सेवा. सुरुवात रक्तदान शिबिराने होते आणि पहिली चूक तारखेतच होते. १५ ऑगस्ट, २६ जानेवारी आणि पुढाऱ्यांचे वाढदिवस या दिवशी सगळ्यांचीच शिबिरं असतात. पिशवीतलं रक्त, तिच्यातल्या द्रावणाप्रमाणे, ३५ किंवा ४२ दिवस टिकतं. प्लेटलेट्स तर जेमतेम पाच. ऑगस्टमध्ये गोळा केलेलं मे महिन्यात कामाला येत नाही, आणि मेमध्ये कॉलेजं बंद, अर्धं गाव लग्नाला, म्हणून रक्तपेढ्या तेव्हाच कोरड्या. तेव्हा आधी रक्तपेढीला विचारावं, ‘तुम्हाला केव्हा हवंय?’ हा प्रश्न ऐकून तिथला माणूस क्षणभर गप्प होतो, कारण सहसा त्याला तारीख नुसती कळवली जाते. मग कालनिर्णय उघडावं. संकष्टी आणि एकादशी टाळायची. उपाशी माणसाचं रक्त घेत नाहीत, आणि साबुदाण्याची खिचडी खाऊन आलेल्यावरून टेबलाशी वाद होतात. श्रावणी सोमवारचं तर नावच काढू नये.

नियम फ्लेक्सवर अध्यक्षांच्या फोटोपेक्षा मोठे छापावेत, हे आजवर कुठे झालेलं नाही, तरी सांगतो. वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो, हिमोग्लोबिन किमान १२.५. दोन रक्तदानांत पुरुषांसाठी ९० दिवसांचं आणि स्त्रियांसाठी १२० दिवसांचं अंतर. वर्षभरात टॅटू काढला असेल किंवा अँटिबायोटिक चालू असेल तर परत जावं लागतं. गावात सांगत सुटलेला सर्वांत उत्साही सभासद रक्तदाबात अडकतो आणि मग दिवसभर बिस्किटांच्या टेबलाशी मार्गदर्शन करतो. नोंदणी शंभरची झाली म्हणजे शंभर पिशव्या मिळाल्या असं होत नाही. हिमोग्लोबिनच्या टेबलावर रांग बारीक होते, बायकांची जास्तच. त्यांना नुसतं परत न पाठवता तिथेच डॉक्टरांशी गाठ घालून द्यावी. माझ्या मते शिबिराचं ते निम्मं काम आहे, आणि अहवालात त्याला रकाना नाही.

हॉल तळमजल्यावरचा घ्यावा, पंखे चालू करून बघावेत, जनरेटरवाल्याचा नंबर हाताशी असावा. रक्त द्यायला आठ-दहा मिनिटं लागतात, पण खाली उतरल्यावर पाव तास बसवून ठेवणं महत्त्वाचं. चक्कर येते ती बहुधा बाहेर चप्पल शोधताना. त्या खुर्च्यांपाशी एक खमका माणूस हवा. फोटोसाठी दात्याला सुई हातात असताना प्रमाणपत्र उंच धरायला लावू नये. साडेतीनशे मिलिलिटर एकट्याचं आणि त्याच्या पलंगाभोवती सफारीतली सात माणसं, हा फोटो दुसऱ्या दिवशी येतोच. त्यात दाता ओळखायचा असेल तर आडवा असतो तो.

नेत्रशिबिराचं खूळ जुनं आहे. १९२५ मध्ये हेलन केलर यांनी लायन्सच्या अधिवेशनात अंधत्वाविरुद्ध लढण्याचं आवाहन केलं, तेव्हापासून मोतीबिंदू आमच्या पाचवीला पुजलेला. तपासणीला गर्दी उसळते. शस्त्रक्रियेच्या दिवशी साखर किंवा रक्तदाब वाढलेला म्हणून कित्येक आजोबा परत येतात. आधी आठवडाभर गोळ्या नीट चालू आहेत का हे फोन करून विचारलं तर निम्मी फेरी वाचते. नोंदवहीत आजीच्या नावापुढे घरातल्या कर्त्या माणसाचा मोबाइल लिहावा; शस्त्रक्रियेनंतरचे थेंब कित्येक आठवडे तोच घालणार असतो, किंवा नसतो.

थट्टा थांबते ती पोलिओपाशी. रोटरीने १९८५ मध्ये ते काम अंगावर घेतलं; भारतातला शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये सापडला आणि २७ मार्च २०१४ ला भारतासह आग्नेय आशिया विभागाला पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं. रविवारी सकाळी बूथवर बसून लेकरांच्या करंगळीला शाई लावणाऱ्यांत कापडदुकानदारही होते, त्यांच्या नावामागे कुठलीही अक्षरं नव्हती.

असो. एक सूचना सर्वांत कामाची आहे. लायन्समध्ये पुढच्या वर्षाची निवडणूक १५ एप्रिलच्या आत उरकायची असते. त्या सभेला काहीही झालं तरी हजर राहावं. अध्यक्षपदाला दोघे तयार असतात, सचिवपदाला कोणीच नसतो, आणि त्या दिवशी जो गैरहजर त्याच्यावर सर्वांचा अचानक विश्वास बसतो. मग १ जुलैला घरी एक खोकं येतं. त्यात इतिवृत्ताची वही, रबरी शिक्का, उरलेल्या दोन शाली आणि, शोधत होतो तो, हातोडा. दर महिन्याचा ऑनलाइन अहवाल भरायचा पासवर्ड नसतो. मावळत्या सचिवांना फोन केला तर ते म्हणतात, ‘अहो, मलाही कुठे मिळाला होता!’