आमच्या गावात आता रात्र होत नाही

शेजारच्यांचा कोंबडा रात्री दीडला आरवतो. आधी वाटलं, कोंबडा बिघडला. मग लक्षात आलं, त्याच्या खुराड्यावर तर रात्रभर दिवस उगवलेला असतो. गल्लीतल्या खांबावर दोन वर्षांपूर्वी पांढराफटक एलईडी लागला आणि तेव्हापासून आमच्याकडे अंधार पडणंच बंद झालं.

खांब खिडकीपासून पंधरा पावलांवर. दिव्याचं तोंड रस्त्याकडे पाहिजे, ते आहे आमच्या घराकडे. उशीवर डोकं टेकलं की बरोब्बर डोळ्यात. खिडकी लावून घे म्हणणारे खूप आहेत. अरे, मार्च ते जून त्याच खिडकीत कूलर बसवलेला असतो, ४५ डिग्रीत तो काढू? अंगणात बाज टाकून झोपायची सोय होती, तीही गेली. चांदण्या दिसत नाहीत. पावसाळ्यात दिव्याभोवती पाखरं तेवढी दिसतात, तीही थोड्या वेळानं वरणात.

ग्रामपंचायतीत तीनदा जाऊन आलो. तिथले लोक पोट धरून हसले. "तुले उजेडाचा तरास हाय? बारा-बारा घंटे लाईन नाई म्हणून बोंबलत होतो, आता हाय त तुले नको!" भारनियमनात अर्धा जन्म गेलेल्या गावात उजेडाविरुद्ध बोलणारा माणूस येडाच ठरतो, कबूल. पण बाप्पा, मी खांब उपटा म्हणतोय का? दिव्याचं तोंड खाली करा, वर टोपण बसवा, नाहीतर पिवळा लावा. शिडी आणि पाना, दोन घंट्यांचं काम. "टेंडरमधी असाच आला," हे उत्तर. टेंडरमध्ये तो माझ्याच तोंडावर मारायचा असंही लिहिलं होतं का?

पिवळा का म्हणतो, तर पांढरा एलईडी आतून निळा असतो. निळ्या प्रकाशावर पिवळ्या रसायनाचा लेप देऊन तो पांढरा दिसतो. त्या निळ्या एलईडीसाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या शास्त्रज्ञांना २०१४ चं नोबेल मिळालं, मिळू दे, वीज वाचली. पण डोळ्यातल्या ज्या पेशी मेंदूला 'दिवस आहे' असं कळवतात, त्या निळ्याच उजेडाला सगळ्यात जास्त जागतात. रात्री तो डोळ्यात गेला की झोपेची वर्दी देणारं मेलॅटोनिन दबतं. मग दिवसभर फवारणी करून अंग मोडलेलं असलं तरी डोळा लागत नाही, आणि सकाळी पोरांवर, ढोरांवर उगाच ओरडणं सुरू.

घरातली चूक मात्र माझीच. पूर्वी साठचा पिवळा बल्ब होता, त्याखाली जेवण, गप्पा, मग विझवून झोप. मी शहाणा झालो आणि तिन्ही खोल्यांत झगझगीत पांढरे बल्ब ठोकले. आता रात्री नऊला घर दवाखान्यासारखं दिसतं, भाजी निळसर आणि सगळ्यांची तोंडं आजारी. तालुक्याला पिवळा एलईडी मागायला गेलो तर दुकानदार म्हणे, "लग्नाची लायटिंग पाह्यजे का?" खोक्यावर ६५०० के लिहिलेलं असतं (के म्हणजे केल्विन, उजेडाच्या रंगाचं माप), म्हणजे भर दुपारचा उजेड. मला २७०० के हवा होता, जुन्या बल्बसारखा. दहा दुकानं पालथी घातली तेव्हा दोन मिळाले. पोरीच्या अभ्यासाला पांढरा राहू दे, त्याबद्दल तक्रार नाही. पण झोपायच्या खोलीत भर दुपार कशाला?

माणसाचं कोणाला पटत नाही, म्हणून मी आता सोयाबीन दाखवतो. पांदणीच्या तोंडाशी असाच दुसरा खांब आहे, आमच्या वावराला लागून. गेल्या ऑक्टोबरात सगळं वावर वाळून खडखडीत, शेंगा वाजायला लागल्या, आणि खांबाखालचा गोल मात्र हिरवागार. पानं गळायचं नाव नाही. आधी वाटलं, तिथं युरिया जास्त पडला असेल. नंतर कळलं, सोयाबीनला रात्र लांबत चालल्याचं समजलं की ते फुलतं आणि पिकतं. गार्नर आणि अ‍ॅलार्ड या अमेरिकन शास्त्रज्ञांनी हे १९२० मध्येच मांडलं, तेही तंबाखू आणि सोयाबीनवरच! आमच्या त्या गोलाला रात्रच मिळाली नाही, मग पिकणार कसं? मळणीत त्या ओल्या शेंगा मिसळल्या, ओल १२ टक्क्यांच्या वर गेली आणि अडत्यानं भाव पाडला. नुकसान कोणाच्या नावावर लिहू, दिव्याच्या?

काल खांबाच्या बाजूनं बारदाना टांगला. हवा बंद, घामानं अंघोळ, पण अंधार झाला. तासभर डोळा लागला असेल, तेवढ्यात अंगणातून मायचा आवाज. तिनं शेणसडाही आटोपला होता. "ऊठ रे बाप्पा, फटफटलं."

मोबाईल पाहिला. दोन वाजून दहा मिनिटं.