उकिरडा ही शिवी कधी झाली?

आज सकाळी घंटागाडी आली तेव्हा शेजारच्या ताईंनी विचारलं, "तुमची बादली रोज एवढीशीच कशी असते हो, स्वयंपाक करता का नाही?" गाडी लगेच पुढं निघाली त्यामुळं त्यांना नीट सांगता आलं नाही, म्हणून इथं लिहितेय. पोस्ट लांब झालीये पण वाचा प्लीज, कारण हा विषय माझ्या लई जवळचा आहे.

माझं माहेर लातूर जिल्ह्यात देवणी तालुक्यातलं. आमच्या घरामागं मोठा उकिरडा होता. शेण, जनावरांनी उष्टावलेला कडबा, चुलीतली राख, भाजीचे देठ, शेंगांची टरफलं, अंगण झाडलेला पालापाचोळा, सगळं त्यातच जायचं आणि मृगाच्या आधी तेच खत बैलगाडी भरभरून शेतात जायचं. आजी सांगायची, पूर्वी सोयरीक करायला पाहुणे आले की आधी गोठा अन् उकिरडा बघायचे, उकिरडा मोठा म्हणजे जनावरं भरपूर, जनावरं भरपूर म्हणजे पोरगी उपाशी राहणार नाही. आणि आज आपण काय म्हणतो? "घराचा नुसता उकिरडा करून ठेवलाय." शब्द तोच राहिला पण आत जे टाकतो ते बदललं. आजीच्या उकिरड्यात जे पडायचं त्याची मातीच व्हायची, दुसरं काही व्हायचंच नाही.

लग्न झाल्यावर मी औरंगाबादला आले, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला. बाकीच्यांसारखंच माझंही होतं, एक बादली, एक काळी पिशवी, सगळं त्यात कोंबायचं, गाठ मारायची आणि गाडीत टाकायचं, पुढं ते कुठं जातं हा प्रश्न कधी पडलाच नाही. मग २०१८ चा फेब्रुवारी आला. तीसेक वर्षं अख्ख्या शहराचा कचरा शहराच्या कडेच्या नारेगावला जात होता, तिथल्या आणि आजूबाजूच्या गावच्या लोकांनी गाड्या अडवल्या, उच्च न्यायालयाच्या खंडपीठानं तिथं कचरा टाकायला मनाई केली, दुसरी जागा कुठं सापडेना, मार्चमध्ये मिटमिट्याला कचरा न्यायला लागले तर दगडफेक, जाळपोळ, लाठीमार सगळं झालं. ज्यांनी तो काळ बघितला त्यांना आठवत असेल, चौकाचौकात ढीग, त्यावर माश्या, कुत्री, कुणीतरी पेटवून दिलेला, त्याचा धूर घरात. माझी लेक तेव्हा चार वर्षांची, रात्रभर खोकायची. मला तेव्हा पहिल्यांदा कळलं की आपल्याला जे आठ-पंधरा दिवस सहन होईना ते नारेगावच्या लेकराबाळांनी तीसेक वर्षं सहन केलं, त्यांच्या विहिरींजवळ, त्यांच्या घरांजवळ आपल्या घरची घाण जाऊन पडत होती. त्या लोकांचा मला आजही राग येत नाही, त्यांनी गाड्या अडवल्या ते बरोबरच केलं.

गाडीच येत नव्हती तेव्हा तिसऱ्या दिवशी बादलीजवळ उभं राहवेना. मी हातात पिशवी घालून सगळं बाल्कनीत पेपरवर ओतलं आणि वेगळं करत बसले. साली, खरकटं, चहाचा चोथा एकीकडं. दुधाच्या पिशव्या, पेपर, खोके, गोळ्यांची पाकिटं एकीकडं. अन् खरं सांगते, धुऊन वाळवून ठेवलेल्या त्या दुसऱ्या ढिगाला आठ दिवस झाले तरी कसलाच वास नव्हता. म्हणजे सगळी घाण एकत्र केल्यामुळं होत होती. भाताच्या पेजेत भिजलेला पेपर कुणी रद्दीत घेत नाही आणि काचेचे तुकडे घुसलेली भाजीची सालं कुणी झाडाला घालत नाही, वेगळे ठेवले तर दोन्ही कामाचे. ओला, सुका आणि घरातला घातक कचरा वेगळा द्यायचा असा नियम २०१६ मध्येच आला होता, पण मला तो त्या बाल्कनीत बसल्यावर समजला.

मग ओल्याचं काय करायचं? मी वजनकाट्यावर मोजून बघितलं, चार माणसांचं घर, रोजचा सव्वा किलोच्या आसपास ओला कचरा निघत होता, म्हणजे महिन्याला पस्तीस-चाळीस किलो! जुन्या रंगाच्या दोन बादल्या घेतल्या, बाजूनं आणि बुडाला गरम सळईनं भोकं पाडली, खाली नारळाच्या शेंड्या, वर ओला कचरा एक थर आणि वाळलेला पाला त्याच्या दुप्पट. सुरुवातीला वास आला, किडे झाले, सासूबाई म्हणाल्या "अगं माय, रोगराई आणतीस का घरात?" त्यांचं चुकत नव्हतं. माझा पाला कमी पडत होता, कचरा ओलागच्च होऊन आत हवाच जात नव्हती, म्हणून सडत होता. पाला वाढवला, चार दिवसांनी काडीनं खालीवर करायला लागले, थोडं आंबट ताक शिंपडलं, वास गेला. किड्यांना घाबरू नका, त्या अळ्याच काम करत असतात, वर पाला टाकून झाकण ठेवलं की झालं. आपल्याकडं उन्हाळ्यात उलटा प्रॉब्लेम येतो, एप्रिल-मेमध्ये सगळं कडकडीत वाळतं आणि काम थांबतं, तेव्हा तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी ओंजळभर मारायचं, नळाचं पाणी लागत नाही. पाला कुठून आणायचा तर फाल्गुनात कडुलिंबाच्या झाडाखाली बघा, लोक झाडून पेटवून देतात, मी दोन पोती भरून ठेवते, पावसाळ्यापर्यंत पुरतात. दोन-अडीच महिन्यांनी जे तयार होतं ना, त्याचा वास घेऊन बघा एकदा, पहिल्या पावसाचा वास. सासूबाईंच्या तुळशीला घातलं, आता त्याच मला सांगतात की अंड्याची टरफलं बारीक करून टाक म्हणून.

कंपोस्टवर एवढं लिहिलं कारण निम्म्याहून जास्त कचरा तिथंच संपतो. आणि डंपिंगवर जे डोंगर पेटतात ते याच ओल्या कचऱ्यामुळं, दाबून ठेवलेल्या ओल्या कचऱ्याला हवा मिळत नाही आणि पेट घेणारा मिथेन वायू तयार होतो.

सुक्याचं सोपं आहे. भंगारवाले काका महिन्यातून एकदा येतात, पेपर, खोके, बाटल्या, दुधाच्या पिशव्या सगळं नेतात, फक्त धुऊन वाळवून द्या, त्यांना पण माणूस म्हणून बघा. दुधाची पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडू नका, लटकत ठेवा. तो एवढुसा तुकडा कुणीच उचलत नाही, मग नालीत जातो.

आता पिशवीचं. हे लिहिताना हात थरथरतो. माझ्या भावाची देवणी गाय होती, पांढऱ्या अंगावर काळे ठिपके, भारी देखणी. गावाच्या कडेला रोडलगत चरायची. एके वर्षी खाणं सोडलं, पोट फुगलं, डॉक्टरांनी पोट उघडलं तर आतून प्लास्टिकच्या पिशव्यांचा गोळा निघाला, एकमेकींत पिळा पडलेला, दोरीसारखा. काही पिशव्यांच्या गाठी तशाच होत्या. म्हणजे कुणीतरी शिळी पोळी-भात पिशवीत बांधून टाकला, गाईच्या तोंडी जाईल, पुण्य लागेल म्हणून. गाईला गाठ सोडता येत नाही हो, ती पिशवीसकट गिळते. गाय वाचली नाही. भाऊ दोन दिवस जेवला नाही. तुम्हाला गाईला घालायचंच असेल तर हातानं घाला, नाहीतर पाटीत टाका, पण गाठ मारून रस्त्यावर टाकू नका, हात जोडून सांगते.

त्यामुळं माझ्या पर्समध्ये, गाडीच्या डिक्कीत, नवऱ्याच्या ऑफिसच्या बॅगमध्ये कापडी पिशवी कायम असते. विकत घेतलेल्या नाहीत, जुन्या साडीच्या शिवल्यात. आठवडी बाजारात जाताना लहान लहान सात-आठ नेते, टमाटे वेगळे, मिरच्या वेगळ्या. राज्यात प्लास्टिकबंदी मार्च २०१८ ला आली, देशात एकदा वापरून फेकायच्या काही प्लास्टिक वस्तूंवर जुलै २०२२ पासून बंदी आहे, तरी भाजीवाली मावशी पातळ पिशवी देतेच. तिला मी बोलत नाही. आपण मागतो म्हणून तिला ठेवावी लागते, नाही दिली तर गिऱ्हाईक पुढच्या गाड्यावर जातं.

दोन वर्षांपूर्वी आम्ही घरात एक महिना पुड्यांची रिकामी पाकिटं साठवली, वेफर्स, कुरकुरे, बिस्किटं, शाम्पूचे पाऊच. लेकीनं मोजली तर दोनशे चौदा निघाली. भंगारवाले काका म्हणाले "ताई, हे कुणी घेत नाही." त्यात प्लास्टिक आणि ॲल्युमिनियमचे थर एकमेकांना चिकटवलेले असतात, वेगळे करणं परवडत नाही. तेव्हापासून दुपारच्या भुकेला सुशीला. होय, आपली मराठवाड्याची सुशीला! मुरमुरे भिजवून पिळायचे, कांदा, हिरवी मिरची, शेंगदाण्याची फोडणी, वरून डाळ्याचं कूट, दहा मिनिटांत होते आणि मुरमुरे-फुटाणे आपल्या डब्यात सुटे मिळतात. पाकिटं पूर्ण बंद झालेली नाहीत, लेकरं आहेत, मित्रांकडं जातात, पण परवा मोजली तर महिन्याला तीसच्या आत आलीत.

बायकांसाठी एक सांगते, पुरुषांनी पण वाचलं तरी चालेल. पॅड उघडे टाकू नका, पेपरमध्ये गुंडाळा, वर लाल खूण करा, वेगळे द्या. कचरा वेचणाऱ्या मावशी ते हातानं वेगळे करतात हो, कुणाचीतरी आईच आहे ती. मी चार वर्षांपासून पाळीचा कप वापरते, सिलिकॉनचा असतो, नीट उकळून ठेवला तर कित्येक वर्षं टिकतो. पहिले दोन-तीन महिने जमत नाही, भीती वाटते, मग सवय होते. कुणाला काही विचारायचं असेल तर इनबॉक्समध्ये विचारा, लाजू नका.

आता एक गोष्ट ज्यावर माझं स्वतःचंच मत बदललं. मी डिस्पोजेबल ताटांच्या एकदम विरोधात होते. पण मग २०१६ चा उन्हाळा आठवला, लातूरला मावशीकडं गेले होते, मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं तेव्हाची गोष्ट. मावशी पत्रावळीवर जेवायला वाढत होती कारण भांडी धुवायला पाणी नव्हतं. मी काय बोलणार? जिथं टँकरची वाट बघत घागरींची रांग लागते तिथं "स्टीलचं ताट वापरा" हे सांगणं सोपं नाही. पण मावशीकडच्या पत्रावळी पळसाच्या होत्या, जेवण झालं की शेळी खायची. म्हणजे पाण्याची अडचण खरी आहे आणि तिच्यावरचं उत्तर थर्माकोलच आहे असं मात्र नाही. पूर्वी गावच्या पंगतीत हजार माणूस जेवायचं, पळसाच्या पत्रावळी, द्रोण, पाणी पितळी पातेल्यातून तांब्यानं. आता हुरडा पार्टीला जाऊन बघा, ज्वारीचं कोवळं कणीस, शेणाच्या गोवऱ्यांची आगटी, इतकं सगळं मातीतलं, आणि संध्याकाळी त्याच रानात कागदी प्लेटा, प्लास्टिकचे चमचे, अर्ध्या प्यायलेल्या पाण्याच्या छोट्या बाटल्या. शेतकऱ्याच्या रानात! ते नांगराखाली जातं, बारीक होतं आणि तिथंच राहतं. बघून जीव तुटतो.

तर आमच्या गल्लीतल्या सात जणींनी मिळून वर्गणी काढली आणि पन्नास स्टीलची ताटं, पन्नास ग्लास, पन्नास वाट्या, चमचे घेतले. बारसं, वाढदिवस, हळदीकुंकू, कुणाकडंही काही असलं की सेट न्यायचा, घासून परत आणून द्यायचा, भाडं नाही. धुवायचं आधी राखेनं किंवा कोरड्या भुश्यानं पुसून, मग पहिलं पाणी एका घमेल्यात, दुसरं दुसऱ्या, आणि दुसऱ्या घमेल्यातलं पाणी पुढच्या ताटांना पहिलं म्हणून. पन्नास ताटं तीन बादल्यांत होतात, मी स्वतः मोजलंय. आतापर्यंत एकवीस कार्यक्रम झाले, दोन वाट्या आणि एक चमचा हरवला, बाकी सगळं जागेवर.

डायपरचं मात्र अजून मला काही जमलेलं नाही. नणंदेचं बाळ आलं की दिवसाला पाच-सहा निघतात. दिवसा कापडी लंगोट लावतो, रात्री डायपर, एवढंच जमलंय. कुणी याच्यावर काही चांगलं केलं असेल तर मला खरंच सांगा.

आणि ताई, सकाळी बोलणं अर्धवट राहिलं. संध्याकाळी या, बादली दाखवते, एक जास्तीची भोकं पाडलेली पण आहे, घेऊन जा, पाल्याचं अर्धं पोतं पण देते. ताटांचा सेट या रविवारी भाच्याच्या जावळाला गेलेला असेल, कुणाला पाहिजे असेल तर सोमवारनंतर सांगा.