फोन नंबर तोडू नका राव

सध्या ठाण्यात कुठल्याही सोसायटीचं पत्रक घ्या नाहीतर मंडळाची स्मरणिका, एक गोष्ट हमखास दिसते. ओळीच्या शेवटी ०२२ लटकतंय आणि बाकीचे आठ आकडे खालच्या ओळीत. लँडलाईनवरून ठाण्यातल्या ठाण्यात लावायचा तर ते आठ पुरतात, पण आता लावतो कोण लँडलाईनवरून? मोबाईलवरून लावायचा तर ०२२ लागतंच, आणि नेमकं तेच नजरेतून सुटतं. मोबाईल नंबरचं पण तेच, पाच वर पाच खाली, नौपाड्यातले आजोबा चष्मा सावरत वरचे पाच दाबतात आणि खालचे शोधेपर्यंत स्क्रीन बंद.

सगळ्यात वाईट प्रकार म्हणजे आपल्या लेटरहेडवाल्यांची ती तिरकी रेघ. पूर्ण नंबर, मग रेघ, मग दुसऱ्या नंबरचे नुसते शेवटचे दोन आकडे. जागा वाचते मान्य, पण रेघेनंतर ओळ तुटली की खाली फक्त ‘४३’ उरतं. ते काय आहे, फ्लॅट नंबर? मी तर म्हणतो दोन्ही नंबर पूर्ण छापा, कागद काही एवढा महाग नाहीये.

आणि हे डीटीपीवाल्याला सांगितलं की तो काय करतो, नंबरच्या आधी एंटर मारतो! झालं काम. मग कमिटीवाले प्रूफमधे दोन शब्द वाढवतात, मजकूर सरकतो आणि ती ओळ अर्धवट तुटून मधेच लोंबकळत राहते, आणि प्रेसवरून येईपर्यंत कोणी बघत नाही.

अरे वर्डमधे कंट्रोल शिफ्ट स्पेस दाबा ना! ही स्पेस दिसते नेहमीसारखीच पण तिथे ओळ तुटत नाही, वर्डच्या एरवी लपलेल्या फॉरमॅटिंगच्या खुणा चालू केल्या तर तिच्या जागी छोटं गोल दिसतं डिग्रीच्या चिन्हासारखं. डॅश असेल तर कंट्रोल शिफ्ट आणि डॅश. इनडिझाईनमधे, म्हणजे पानं लावायच्या त्या सॉफ्टवेअरमधे, नंबर सिलेक्ट करून कॅरेक्टर पॅनलच्या मेनूतून ‘नो ब्रेक’ द्यायचं, फक्त नंबरलाच द्या हां, अख्ख्या पॅराला दिलंत तर मजकूर कॉलममधे मावणार नाही आणि गायबच होईल, मग मला फोन करू नका. वेबसाईटवाल्यांना सीएसएसमधे, म्हणजे पानाचं रूप ठरवणाऱ्या कोडमधे, ओळ तुटू न देणारं ‘नोरॅप’ आहे, एका ओळीचं काम.

व्हॉट्सअ‍ॅपवर यातलं काही करायची गरज नाही, दहा आकडे सलग टाका, मधे स्पेस नसली की तुटायला जागाच नाही. छापताना मात्र मी पाच-पाचचे दोन गटच ठेवतो, कारण आपण नंबर सांगतो तो पण तुकड्या-तुकड्यानेच, आणि सलग दहा आकडे वाचताना डोळा हमखास घसरतो. कोणी म्हणेल सलगच छापा, कटकट नको. नाही पटत मला. वाचणाऱ्याची सोय आधी, आपली मग.

पिनकोड पण यातच आला बरं का. ४०० ६०२ मधे स्पेस देता आणि ४०० वर राहतं, ६०२ खाली जातं, आणि वाशीच्या ४०० ७०३ चं काही वेगळं होत नाही. तिथेही ती न तुटणारी कंट्रोल शिफ्टवालीच स्पेस द्या. गणपतीच्या स्मरणिकांची कामं आता येतीलच, ज्याच्याकडे फाईल असेल त्याने आजच एकदा कंट्रोल एफ करून ०२२ शोधा.